‘काल सोडून दिला’ म्हणाले, आपा

प्रिय नसीमआपा,

उद्या काशिनाथची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे पाठवायची आहे. मसुदा टाइप करून झालाय, वाचून झालाय, आणि आता हात अडलाय. तुमच्या पेनाच्या खुणा झाल्याशिवाय माझा एकही मसुदा कर्जतबाहेर गेलेला नाही. मार्चमध्ये तुम्ही गेलात. आता हा कुणाला दाखवू? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

काशिनाथ तुम्हाला माहीत नाही. खालापूरकडच्या एका आदिवासी वाडीतला, फार्महाऊसवर बागकाम करणारा. तिथला पाण्याचा पंप चोरीला गेला. सकाळी कामावर जाताना पोलिसांनी त्याला रस्त्यावरूनच जीपमध्ये घातलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको हिरा माझ्या दारात उभी राहिली.

“ताई, कालधरनं घरी आला नाय गं. चौकीवर गेले, तर हाकलून दिली मला.”

पकडलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करायचं असतं. ते तास उलटून गेले होते! मी हिराला स्कूटीवर मागे बसवलं आणि निघाले.

चौकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “काशिनाथ? चौकशीला आणला होता. काल संध्याकाळीच सोडून दिला.”

आपा, सोडून दिला, तर गेला कुठे?

तुमचा मानवी हक्कांचा वर्ग आठवला. नेरळला तुमच्या घरी, खाली अब्बांचं दुकान, वर आम्ही पाच-सहा जणी सतरंजीवर. तुम्ही म्हणाला होतात, “मारहाणीपेक्षाही एका गोष्टीला घाबरा. माणूस आमच्याकडे नाहीच, असं सरकारनं म्हणण्याला.” मग दक्षिण अमेरिकेतल्या त्या आयांबद्दल सांगितलंत. मुलं नाहीशी झाली म्हणून भर चौकात उभ्या राहणाऱ्या, सरकारला रोज एकच प्रश्न विचारणाऱ्या. माणसं अशी गायब करण्याविरुद्ध जगाला वेगळा करार करावा लागला, तो अशा बायांमुळे. आपल्या देशानं त्यावर सही केली, पण पक्की मान्यता दिली नाही, हे सांगताना तुमचा आवाज किती चढला होता!

मी तेव्हा विचारलं होतं, “आपा, पॅरिसमध्ये बसून लिहिलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आमच्या वाड्यावस्त्यांना काय उपयोग?” तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, “महायुद्धाच्या आधी एखाद्या सरकारनं आपल्याच माणसांचं काहीही केलं, तरी बाकीचे म्हणायचे, तो त्यांच्या घरचा मामला. एवढी माणसं मारली गेल्यावर जगाला लाज वाटली, आणि पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून लिहिलं की हा घरचा मामला नाही. तो जाहीरनामा कुणावर बंधनकारक नव्हता गं. त्याचे बंधनकारक करार व्हायला पुढे अठरा वर्षं लागली. पण आधी कुणीतरी लिहावं लागतं.” आणि त्यात ‘सर्व पुरुष’ असं येणार होतं, ते ‘सर्व माणसं’ असं करायला लावणारी बाई आपल्या देशातली होती, हे सांगताना केवढ्या खुलला होतात!

पण त्या दुपारी तो जाहीरनामा हाती घेऊन मी काय करणार होते? साहेबांपुढे नुसती उभी होते.

तेवढ्यात हिरा बाहेर पळाली. चौकीच्या मागच्या अंगाला जाऊन तिनं हाक मारली, “सोनूचे बाबा! हायसा का?”

काही नाही. एक शिपाई तिला हटकायला धावला. तिनं पुन्हा हाक मारली, आवाज फाटेपर्यंत.

मागच्या खोलीतून उत्तर आलं. “हाय गं!”

आपा, मी आयुष्यात याहून मोठी साक्ष ऐकलेली नाही.

साहेब उठून उभे राहिले. “मॅडम, आता तुम्ही आम्हाला कायदा शिकवणार का?”

“नाही साहेब. तो आत आहे, एवढं कागदावर घ्या. अटकेची नोंद करा, कारण लिहा, बायकोला कळवलं म्हणून तिची सही घ्या. सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय.” मग त्यांच्यासमोरच मी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. काशिनाथ आत आहे, त्याचा आवाज मी ऐकलाय, हे सांगितलं.

मग ते वाट बघणं. आत दार लावून घेतलेलं. आत काय चाललंय, कळत नव्हतं. हिरा भिंतीला टेकून बसली आणि मोठ्यानं बोलत राहिली. शेळी व्याली. सोनू आत्याकडं हाय. कौलं अजून बदलली नाय, तुमी आल्यावर बघू. दर वाक्यानंतर ती थांबायची. आतून हुंकार आला की पुढचं बोलायची. एकदा हुंकार आलाच नाही. तिनं माझा हात धरला, आपा, नखं रुतेपर्यंत. मग उशिरानं आला.

संध्याकाळी नोंद झाली. अटक त्याच दिवशीची दाखवली. आदला दिवस जणू उगवलाच नव्हता! पण माणूस कागदावर आला. दुसऱ्या दिवशी कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, “पोलिसांबद्दल काही तक्रार?” काशिनाथनं बाजूला पाहिलं. पोलीस शेजारीच उभे. बाईंनी त्यांना बाहेर जायला सांगितलं आणि पुन्हा विचारलं. त्यानं पायांचे सुजलेले तळवे दाखवले. बाईंनी वैद्यकीय तपासणीचा हुकूम दिला आणि जामीनही. पंपाचं अजून काही कळलेलं नाही.

हे सगळं मसुद्यात घातलंय. घटनेतली एकविसावी आणि बाविसावी कलमं, जाहीरनाम्यातून पुढे झालेल्या नागरी हक्कांच्या करारातलं नववं. बेकायदा अटकेची भरपाई आमच्या पद्धतीत बसत नाही, असं आपल्या सरकारनं करार मान्य करताना सांगितलं होतं. तरी आपल्या कोर्टांनी भरपाई दिली, तेही लिहिलंय. कोठडीतल्या छळाविरुद्धच्या यातनाविरोधी कराराचा परिच्छेद मात्र दोनदा घातला आणि दोनदा काढला. त्यावरही आपल्या देशाची सही आहे, मान्यता नाही. ठेवू का? तुम्ही असतात तर काट मारली असती की बाजूला ‘राहू दे’ लिहिलं असतं? सांगायला तरी थांबायचं होतं ना, आपा! तब्येतीचं कुणाला कळूच दिलं नाहीत. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी सगळीकडे भांडलात आणि स्वतःसाठी एक डॉक्टर गाठला नाहीत. याचा राग माझ्या मनातून जात नाही.

काल वाडीवर गेले होते. पोलिसांची जीप रोज समोर येऊन उभी राहते, कुणी उतरत नाही. हिरा म्हणाली, “ताई, सोडून देऊ. घरी आला, बास झालं.” भीती त्यांच्या दारात उभी आहे, माझ्या नाही. मी कोण आग्रह करणार?

काशिनाथ उंबऱ्यावर बसून होता. अजून नीट चालता येत नाही त्याला. तो म्हणाला, “लिवा. पन माझं नाव पुरं लिवा, ताई. बापाचं, आडनावाचं. वाडीचं पन लिवा.”

हिरा त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि आमच्यासाठी चहा टाकला.

आपा, यातना कराराचा परिच्छेद मी ठेवतेय. मान्यता नाही, हेही त्यातच लिहितेय. आयोगानंही ते वाचू दे. आणि एक वचन देते. कोर्टाच्या पुढच्या प्रत्येक तारखेला मी काशिनाथच्या शेजारी उभी राहीन. तो थांब म्हणाला तर थांबेन, पण भिऊन मागे सरणारी मी नसेन. जीप वाडीवर येते तोवर मीही जात राहीन, दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल अशी.

भीती मलाही वाटते. तरी उद्या पाठवतेय.

तुमची,
वैशाली