होपस्टिलचा बाप

८ ऑक्टोबर १९७७, शनिवार

पोचले! ओहायोपासून इथवर गाडी चालवून पाठीचे बारा वाजलेत, पण आज दिवसभर एकटीच हसते आहे. मार्डेन नेक मी नकाशावर इतक्यांदा पाहिलंय की वाट विचारावीच लागली नाही. खाजणातून समुद्राकडे गेलेला जमिनीचा चिंचोळा तुकडा, त्यावर हे एकच घर, आणि मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत खाजणातून घातलेला बांध. एक गाडी जाईल एवढाच. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, तांबूस पडलेलं.

अडेला दारातच उभी होती. फोनवरच्या आवाजावरून मी तिला उंच समजत होते, ती माझ्या खांद्याला लागते! मी बॅग घेऊन अंगणातच घुटमळले तर ओरडली, "अगं, परक्यासारखी उभी काय राहिलीस? घर तुझंच आहे, ये आत." मला रडू आवरेना. आई गेल्यापासून 'घर तुझंच आहे' असं मला कोणी म्हटलेलं नाही.

आमची ओळख एका वंशावळीच्या मासिकातून झाली. 'होपस्टिल मार्डेन, वसाहतीच्या पहिल्या वर्षांतला, आईवडिलांविषयी माहिती हवी' अशी मी चौकट दिली होती. उत्तर एकटीचं आलं, अडेलाचं. तेव्हापासून दर रविवारी फोन. गेल्या वर्षी मी सिद्ध केलं की माझी आई होपस्टिलच्या थोरल्या मुलीच्या वंशातली, तेव्हा अडेला फोनवर हुंदके देत होती. आनंदाने.

घरात ती, तिचा भाऊ लोवेल आणि त्यांची म्हातारी आत्या थर्झा. लोवेल फारसा बोलत नाही. जेवायला शनिवारच्या रिवाजाप्रमाणे डुकराचं मांस घालून शिजवलेल्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या बिया आणि काळा पाव. मी तीनदा वाढून घेतलं. माझी खोली वरची, खिडकीतून सगळं खाजण दिसतं.

९ ऑक्टोबर, रविवार

चर्चहून आल्यावर अडेला मला घरामागच्या थडग्यांकडे घेऊन गेली. जोनस आणि पेशन्स मार्डेन, बोटीतून आलेलं पहिलं जोडपं. त्यांच्या शेजारी एक वीतभर दगड: त्यांचं मूल, पहिल्याच हिवाळ्यात गेलेलं, नावसुद्धा कोरलेलं नाही. ही सगळी थडगी पूर्वेकडे तोंड करून आहेत. होपस्टिलचं मात्र एका बाजूला, खाजणाकडे तोंड करून.

चर्चच्या जुन्या नोंदीत बाकीच्या मुलांपुढे बापाचं नाव आहे. होपस्टिलपुढे फक्त 'मार्डेनच्या घरी असलेलं मूल'. कोणी म्हणतं मोलकरणीचं असेल. कोणी म्हणतं जोनसच्या इंग्लंडमधल्या भावाचं. माझा तर्क असा की बोटीवर आईबाप दगावले आणि पेशन्सने, आपलं मूल गेल्यावर, त्या अनाथाला छातीशी धरलं. मला असंच असावं असं वाटतं. माझे वडील मी चार वर्षांची असताना टोपी घालून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. ज्याच्या बापाचा पत्ता नाही त्याच्याबद्दल मला उगाच माया वाटते.

मी हे सगळं तावातावाने सांगत होते. अडेला दगडावरचं शेवाळ नखाने काढत म्हणाली, "तुला बाप सापडला, की पहिल्यांदा मला सांग हं."

१० ऑक्टोबर, सोमवार

लोवेलच्या मते माझ्या गाडीचा ब्रेक कुरकुरतो. मला काही ऐकू आलं नव्हतं. पण तो किल्ली मागायला आला तेव्हा इतका अवघडला होता की नाही म्हणवेना. गाडी गावातल्या गॅरेजात ठेवून आला. परवा मिळेल म्हणाला.

त्याची मुलगी ज्युडी गावात राहते, तिला पुढच्या महिन्यात पहिलं बाळ होणार आहे. पाळणा लोवेलनेच केलाय, कोठारात बघितला. मी कौतुक केलं. त्याने त्यावर गोणपाट टाकलं आणि बाहेर निघून गेला.

थर्झाआत्या काचेच्या ओसरीत दिवसभर खुर्चीत बसून असते. आज तिने माझा हात हातात घेऊन उन्हात धरला, उलटसुलट करून पाहिला, आणि म्हणाली, "आहे आहे. आमचीच आहे." मला किती बरं वाटलं!

११ ऑक्टोबर, मंगळवार

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली.

दुपारी लख्ख ऊन होतं. मी आणि अडेला खाजणाच्या कडेला क्रॅनबेरी वेचत होतो. टोपली भरली म्हणून ती दुसरी आणायला घरी गेली. मी वाकलेली. आणि गवतातून कोणीतरी मला हाक मारली. "टिब्बी."

ते माझं लाडाचं नाव. आईचं. तेही फक्त घरात, चारचौघांत कधीच नाही. भीती वाटली नाही, डोळे भरून आले फक्त. आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "आले गं."

मग दिसलं की वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, सगळं गवत तिकडे झुकलंय, आणि त्यातला एक पट्टा माझ्याकडे झुकत येतोय. सावकाश. मी टोपली तिथेच टाकून घरी आले.

जेवताना गंमत म्हणून सांगितलं. अडेलाने चमचा खाली ठेवला. "तू ओ दिलीस?" मी म्हटलं, हो, दिली. ती उठली आणि धुतलेलं भांडं परत धुवायला लागली. लोवेलने जाताना माझ्या खांद्यावर थोपटलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

१२ ऑक्टोबर, बुधवार

झोप नाही. टिब्बी हे नाव कोणालाही माहीत नाही. आई गेली, तिच्याबरोबर तेही गेलं.

मग आठवलं. आईला पुरून आले त्या रविवारी फोनवर मीच सांगितलं होतं. अडेलाला. म्हटलं होतं, आता मला टिब्बी म्हणणारं कोणी उरलं नाही. ती म्हणाली होती, "किती गोड नाव. परत एकदा म्हण बघू."

अडेला सकाळी सामान आणायला गावात गेली. मी ओसरीत थर्झाआत्याजवळ बसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, होपस्टिल कोणाचा मुलगा?

म्हातारी म्हणाली, "अडेलानं सांगितलं नाही होय? मग तू आलीस तरी कशाला?"

तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. पहिल्या हिवाळ्यात सगळं संपलं होतं. बियाणंसुद्धा खाऊन झालं होतं. तेव्हा जोनस आणि पेशन्सने आपलं मूल खाजणात नेऊन ठेवलं. मेलेलं नव्हतं. जिवंत. बर्फ वितळल्यावर तिथेच एक मूल गवतात बसलेलं सापडलं. अंगावर धागा नाही, पण कोरडं ठणठणीत. त्यांचं नव्हतं. त्यांनी ते घरी आणलं, आणि त्या दिवसापासून शिंपल्या, मासे, गवत, कशालाच तोटा पडला नाही.

मी विचारलं, म्हणजे त्याचे आईबाप कोण होते?

"आई कुठली आलीय. बाप."

कोण होता तो?

"होता काय म्हणतेस पोरी? आहे. कधीमधी त्याला आपल्यातलं कोणीतरी जवळ हवं असतं. घरात मूल यायचं झालं की जास्तच." मग माझा हात थोपटून म्हणाली, "तू ओ दिलीस ते बरं केलंस. काहीजण फार दिवस लावतात."

१३ ऑक्टोबर, गुरुवार

म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय अशी रात्रभर स्वतःची समजूत घातली. सकाळी अडेलाला विचारलं. ती ॲपल-पायसाठी सफरचंदं सोलत होती. वाटलं, हसेल. म्हणेल, अगं, आत्याचं काय मनावर घेतेस.

ती सोलतच राहिली. म्हणाली, "ज्युडीचं बाळ आहे गं. पहिलंच आहे. ते त्या खाजणातल्याच्या हाती नको लागायला."

मी म्हटलं, आणि मी?

"तुला कोण आहे, वर्ना?"

एवढं सरळ म्हणाली. मग रडायला लागली. म्हणाली, मला तू आवडतेस, खोटं नाही सांगत, रविवारची मी वाट बघायची. म्हणाली, रक्ताचं माणूस लागतं, आणि मागे कोणी चौकशी करणारं नसावं लागतं. असं माणूस शोधण्यात तिची इतकी वर्षं गेली.

शोधलं कुठे? मीच दिलं सगळं. एकेक लग्न, एकेक जन्म, पुराव्यानिशी, स्वखर्चाने. आई गेली, घर विकलं, नोकरी संपली, तेही मीच कळवत गेले. आणि ती विचारायची, "मग आता ख्रिसमसला कुणाकडे जातेस?" मला वाटायचं, काळजी करते.

तिला मारावंसं वाटलं. मारलं नाही. सुरी टेबलावर होती, तीही उचलली नाही. तिचा एप्रन धरून म्हटलं, मला जाऊ दे. तर म्हणते, "मी कुठे धरून ठेवलंय?"

फोन बंद आहे. गाडी नाही. चालत निघाले. भर दुपार. अमावास्येचं उधाण, बांधावर घोट्याएवढं पाणी चढलेलं. तरी जाता आलं असतं.

बांधाच्या मध्यावर तो उभा होता.

ऊन त्याच्या पाठीशी, चेहरा दिसला नाही. पण एक खांदा उतरलेला, हात मागे बांधलेले, मान किंचित कलती. आईचे वडील, माझे आजोबा, अगदी असेच उभे राहायचे. मीही अशीच उभी राहते. फोटोत आहे.

तो काही करत नव्हता. घरचं माणूस स्टेशनवर घ्यायला येतं तसा उभा होता.

परत फिरले.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी

दार आतून बंद केलंय. समोर कपाट ओढलं. खाली ॲपल-पाय भाजल्याचा वास. दालचिनी. माझ्यासाठी केलाय की काय—

खाजण दिसत नाही. नुसतं पाणी. त्यात कुठे कुठे गवताची टोकं.

ज्युडीच्या बाळाचा मला राग नाही. हे लिहून ठेवायचं होतं. मला विचारलं असतं तर— नाही, मी नाहीच म्हटलं असतं. पण विचारायला हवं होतं. इतक्या रविवारांत एकदा तरी.

दुपारी

मोटारीचा आवाज. खिडकीतून पाहिलं.

माझी गाडी! अंगणात माझी गाडी. लोवेलने थर्झाआत्याला उचलून मागे बसवलं. अडेला पुढे बसली, डोक्याला रुमाल, मांडीवर ॲपल-पायचं भांडं. मी काचेवर मुठी आपटल्या. हाका मारल्या. ऐकू गेलं तिला. नक्की गेलं. तिने हात कानांवर ठेवले.

गाडी बांधावरून गेली. चाकं अर्धी पाण्यात. कोणी मागे पाहिलं नाही. मुख्य रस्त्याला लागली, वळली—

गेली.

घरात मी एकटी.

पाणी ओसरीपर्यंत. काचांना लागलंय.

जिना वाजतोय. एकेक पायरी थांबून. ओली पावलं.

दाराशी आहे. कडी हलवत नाही. ठोठावत नाही.

बोलतंय. अडेलाचा आवाज.

अडेला गेली. मी या डोळ्यांनी तिला जाताना पाहिलं. हे लिहिते, म्हणजे विसरणार नाही. अडेला गेली.

माफी मागतेय. म्हणतेय, वर्ना, चुकलं माझं, मी तुला सोडून जाऊ शकले नाही, बांधावरून परत आले. म्हणतेय, तुला कोणी नाही असं मी म्हणायला नको होतं. तुला मी आहे.

हेच ऐकायचं होतं मला. कालपासून. नेमके हेच शब्द.

ती नाही. माहीत आहे मला ती नाही. खरी अडेला हे कधीच म्हणणार नाही, ती कानांवर हात ठेवून—

रडतोय. माझ्यासाठी कोणीतरी रडतंय.

कपाट जड आहे. एका बाजूने ढकललं तर