रामलिंगला बसव

मुखेड, १२ जानेवारी २०२६

चि. मनस्विनीस,
मुखेडहून आजीचे आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तीन ओळी खुशाली आणि दोन पानं फुटबॉल. तुझ्या आईबापाला वाचून दाखवावं असं त्यात काही नव्हतं, म्हणून सांगितलं की पोरगी मन लावून अभ्यास करून राहिली. तेवढं तरी खरं कर.

होस्टेलवाल्यांनी तुला मोबाईल नेऊ दिला नाही आणि तुझ्या बापानं तो मला भजनं ऐकायला दिला. आत फुटबॉलचा खेळ आणि त्यात तुझा संघ आहे हे त्याला ठाऊक नाही. महिनाभर मालकानं तोंड दाखवलं नाही तर कंपनी संघ मोडून टाकते, असं सांगत तू एसटीत चढेपर्यंत रडलीस. रडणं थांबावं म्हणून मी हो म्हटलं. आवड म्हणून नव्हे.

कोणतं बटण कुठं, हे तू चित्रं काढून ठेवलंस ते बरं केलंस. आकडे मला वाचता येतात. इंग्रजी नावं येत नाहीत, म्हणून मी सगळ्यांचं बारसं केलं. गोल राखणारी एक नंबर, तिचं नाव नागम्मा. तो गडी आहे हे दिसतंय मला, पण आपल्या नळावरची नागम्मा दुसऱ्याची घागर जशी पुढं सरकू देत नाही, तसाच तो चेंडू सरकू देत नाही. मागं उभा राहणारा चार नंबर म्हणजे रामलिंग. वय चौतीस, चाल मंद, पण वाटेतून हलत नाही. शेजारच्या रामलिंगची मोटारसायकल जशी आपल्या दारातून हलत नाही. आणि गोल करणारा नऊ नंबर तो शिवशंकर. देखणा आहे आणि त्याला ते कळतं. त्याच्या नावापुढं परत पट्टीचं चित्र आलंय, ते काय?

आठ संघांत आपण सहावे आहोत. शेवटचे दोन खालच्या गटात जातात एवढं समजलं. गेलो तर काय होतं ते लिही.

हदगावचा कुणी अमरनाथ आहे, त्याचा संघ आपल्याच गटात. तो निरोप पाठवतो, भाऊ, यंदा सांभाळून. मी माईकचं चित्र दाबून बोलले की तूच सांभाळ. फोननं बरोबर लिहून घेतलं.

जेवत जा. माया आहे, ती लिहून दाखवायला कागद पुरत नाही.
तुझी आजी, तुळजाबाई


लातूर, १९ जानेवारी

ती. आजीस,
मनूचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून मी आणि माझ्या खोलीतली सिंधु इतक्या हसलो की रेक्टरबाई वर आल्या. रविवारी फोनवर बोलायला दहा मिनिटं देतात, पण शेजारी त्या उभ्या आणि तिकडं फोन उचलणार बाबा. म्हणून पत्रच लिहीत जा.

खालच्या गटात गेलो तर चांगले खेळाडू आपल्याकडे राहत नाहीत, सराव देणारे मास्तर निघून जातात. आठवीत असताना सगळ्यात तळाला सुरुवात केली होती, तीन वर्षांत इथवर आणला. परीक्षा मेमध्ये आहे. तोपर्यंत मला हात लावता येणार नाही, आणि मेमध्ये घरी आल्यावर संघ तळाला सापडला तर परत उभा करायला डॉक्टरकीच्या कॉलेजात वेळ कुठून आणू? रविवारी तीन वाजता आपला सामना सुरू होतो तेव्हा इथं चाचणी असते. मी बेडकाचं हृदय काढते आणि मनात तुला हाका मारते.

पट्टी म्हणजे गुडघा दुखावलाय. दोन आठवड्यांत बरा होईल. तू काहीही कर, पण शिवशंकरला विकू नकोस. सोळा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला घडवलाय.

लोभ असू दे, आणि संघावर थोडा जास्त.
तुझी मनू


मुखेड, २० जानेवारी

चि. मनूस,
आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट बघत बसले नाही. शिवशंकर विकला. हदगावच्या अमरनाथनं घेतला.

कारण ऐक. तुझ्या आजोबांबरोबर बैलबाजाराला मी चाळीस वर्षं गेले. बोलायचे ते, दात बघायचे मी. चारदाती बैल पाय चोरायला, जपून टाकायला लागला की त्याच बाजारी द्यायचा. पुढच्या बाजारापर्यंत गिऱ्हाईकालाही ते दिसतं. या शिवशंकरला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा पट्टी. मी कशाला थांबू? त्याच्या बदली सतरा-सतरा वर्षांचे दोघं घेतले. अजून दोनदाती आहेत, वळण लावू तसं लागेल.

बाजार मात्र बेशरम आहे. आपल्याकडं रुमालाखाली बोटं धरून भाव होतो, तिसऱ्याला कळत नाही. इथं सगळ्या दुनियेसमोर बोली, आणि वर घड्याळ चालू.

रामलिंगलाही संघाबाहेर ठेवलं आहे. अर्ध्या खेळातच धापा टाकून राहिला होता. महिना-दीड महिना आराम करू दे.

थंडी आहे, डोकं बांधून बस. रागावशील, तर अभ्यास झाल्यावर रागाव.
आजी


लातूर, ५ फेब्रुवारी

आजीस नमस्कार.
‘अमरनाथनं घेतला’ इथवर तुझं पत्र वाचलं आणि गादीखाली कोंबलं. पुढचं वाचलं नाही, वाचणारही नाही. शिवशंकर बैल नाही. आणि आठ मार्चला आपला शेवटचा सामना कुणाशी आहे ते बघ. हदगावशीच आहे.
मनस्विनी


मुखेड, २३ फेब्रुवारी

चि. मनस्विनीस (पूर्ण नाव लिहिलंस म्हणून मीही लिहिते),
आशीर्वाद. माझं पत्र गादीखाली घालून झोपतेस म्हणजे पाठीला टोचत असेल. टोचू दे.

आता खरं ते सांगते. शिवशंकरच्या पायाची पट्टी गेली. हदगावकडून खेळून त्यानं तीन सामन्यांत पाच गोल केले. माझा अंदाज चुकला. बैल पाय चोरतो तेव्हा तो खोटं दुखणं आणत नाही. या मेल्याचं काय होतं कोण जाणे. चुकले तर चुकले, त्यावर कपाळ धरून बसायला मला फुरसत नाही.

आपण सातवे आहोत. दोन सामने उरले. पुढचा तळाच्या संघाशी आहे, तो जिंकू. मग हदगावशी निदान बरोबरी पाहिजे. हरलो की खाली. नवी पोरं बरी आहेत पण घाबरट, मोठ्या संघासमोर चेंडू कुणाचा तरी उसना आणल्यासारखा परत देऊन टाकतात.

अमरनाथ रोज निरोप टाकतो. काल लिहिलं, भाऊ, घोडा दिलात, आता खोगीरपण द्या. मी बोलले की खोगीर ठेवलंय, तुझ्या पाठीवर घालायला.

तुझा राग मला समजतो, पण त्यानं गोल होत नाही. कागद घे आणि शेवटच्या सामन्याचा हुकूम लिही. तू लिहिशील तेच करीन, एक शब्द इकडंतिकडं होणार नाही. संघ तुझा आहे.

तूप पाठवलंय, सिंधुलाही दे. माया कमी झाली नाही, वाढवतही नाही.
आजी


लातूर, २८ फेब्रुवारी

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार. तूप संपलं, राग थोडा उरलाय. चुकले म्हणून लिहिलंस ते सिंधुनं दोनदा वाचायला लावलं, कारण माझा विश्वासच बसेना. आपल्या घरात हा शब्द तू कधी काढला असशील असं बाबासुद्धा सांगू शकणार नाहीत.

आठ तारखेचा हुकूम एकच आहे. शिवशंकर फार वेगानं पळतो, हे ध्यानात ठेव आणि रामलिंगला बसव. यात हयगय करू नकोस. बाकी सगळं तुझ्या मनानं. त्या दिवशी आमची मोठी चाचणी आहे. तीन तास मी श्वास घेणार नाही.

लोभ होता तसाच राहू दे.
तुझी मनू


मुखेड, ९ मार्च

चि. मनूस,
खूप आशीर्वाद. श्वास घे. वाचलो.

आता सविस्तर सांगते. तुझं पत्र आलं आणि मी बुचकळ्यात पडले. रामलिंग दीड महिन्यापासून बाहेरच बसलेला. बसलेल्याला बसव असं कोण लिहील? मग उलगडलं. गणपती बसवतात, दाराची चौकट बसवतात, तसं याला बसवायचं, म्हणजे कुणी हलवू नये. शिवशंकर पळतो, त्याच्या वाटेत हा. पोरगी हुशार आहे म्हटलं. मधोमध बसवला. दीड महिन्याचा आराम झालेला, त्याच्या नावापुढची दम दाखवणारी रेघ पार हिरवीगार झाली होती.

सामना सुरू झाला. मला वर्णन वाचता येत नाही, पण गोलाचं चित्र, मिनिट आणि नंबर कळतो. एकतिसाव्या मिनिटाला चेंडू उमटला, हदगावचा, नंबर नऊ. आपलाच शिवशंकर. लाजलाही नाही. त्यानंतर नुसती वाट बघणं. साठ झाले, सत्तर झाले. तुझे आजोबा चहा मागून राहिले होते, त्यांना म्हटलं की आज दूध नासलंय. ऐंशी झाले. मोबाईल पालथा घालून ठेवला, परत उचलला. चौऱ्याऐंशीवर चेंडू उमटला, आपल्या बाजूला, नंबर चार. मी चष्मा पुसला. चारच! कोपऱ्यातून आलेला चेंडू त्यानं डोक्यानं मारला असं चित्र होतं.

मी अशी ओरडले की तुझी आई कणकेच्या हातांनी बाहेर पळत आली. काय झालं म्हणाली. म्हटलं, भजन फार रंगलंय.

एक-एक, बरोबरी. आपण सहावे. संघ जिथं होता तिथं राहिला.

अमरनाथचा निरोप आला, भाऊ, त्या म्हाताऱ्याला उतरवायचं कसं सुचलं? मी खरं ते बोलले, मला नाही सुचलं, लातूरला नात शिकते तिनं पत्रानं कळवलं. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, आजी, नमस्कार करतो, आतापर्यंत बोललो ते पोटात घाला.

तुझा हुकूम खरा ठरला. हे एकदाच लिहिते, पत्र जपून ठेव.
आजी


लातूर, १४ मार्च

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार आणि कानाला हात. तुझं पत्र मेसमध्ये वाचलं, भाजी नाकात गेली. आजी, बसव म्हणजे बाकावर बसव! खेळवू नकोस, असं मला म्हणायचं होतं. तो हळू आहे, शिवशंकर त्याला चकवून जाईल म्हणून. तू आधीच त्याला बाहेर ठेवलंयस हे मला कुठं माहीत? गादीखालचं पत्र आज काढून शेवटपर्यंत वाचलं. मला म्हणायचं होतं तसं झालं असतं तर तो बाहेरच राहिला असता आणि आपण आज खालच्या गटात असतो.

सिंधु म्हणते, तुझ्या आजीचं मराठी आणि तुझं मराठी यांच्यामधल्या फटीतून गोल झाला.

शिवशंकरचा विषय मी सोडला. पण रामलिंगला आता कधीच विकायचं नाही. तो आपल्या संघातच म्हातारा होईल आणि त्याच्यानंतर चार नंबर कुणालाही द्यायचा नाही. एवढं माझं ऐक.

परीक्षेला पन्नास दिवस उरले. आता मन लागतंय. लोभ वाढव, यावेळी मागायचा हक्क आहे.
तुझी मनू


मुखेड, १९ मार्च

चि. मनूस,
आशीर्वाद. बाकावर बसव म्हणायचं असेल तर बाक लिहावा. डॉक्टर झाल्यावर औषधाच्या चिठ्ठीवर असं अर्धं लिहू नकोस, माणसं मरतील.

रामलिंगचं म्हणशील तर तुझं पत्र यायच्या आधी, सोमवारीच विकला. अमरनाथनंच घेतला. चौतीस वर्षांचा गडी, एरवी कुणी फुकट नेला नसता. पण अमरनाथनं त्याला आपल्याच तोंडासमोर गोल करताना बघितला होता, त्यामुळं वयाकडं त्याची नजर जाईना. मीच त्याला सांगितलं, बाबा, याचे आता फार दिवस नाहीत. तो म्हणाला, आजी, असू द्या, मला हाच पाहिजे. याच्यावर मी काय करणार? असा दिवस रामलिंगच्या आयुष्यात परत आला नसता, आणि असं गिऱ्हाईक माझ्या.

त्याच्या जागी उदगीरकडच्या एका संघातून अठरा वर्षांचा उंच गडी आणलाय. नाव अजून ठेवलं नाही, ते तुझ्याकडं राहिलं. चार नंबर त्यालाच दिला.

रडायचं असेल तर पाच मिनिटं रड, आणि मग रसायनशास्त्राचं पुस्तक उघड.

लोभ आहेच, दर पत्रात मागत जाऊ नकोस.
तुझी आजी, तुळजाबाई