आपांना भुईवर घेतलं

४ फेब्रु., मंगळवार
आज आपांचे हात बांधले. बँडेजच्या पट्टीने, पलंगाच्या दांड्याला. तोंडावरचा मास्क ओढून काढतात म्हणे. सिस्टर म्हणाली, काल तुमच्या वडिलांनी माझ्या थोबाडीत मारली. बरं केलं, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. तिचा गाल खरंच सुजला होता.
जन्मभर जाळी ओढलेले हात. मनगटं सोलवटलीत. मी मास्क जरा बाजूला केला तर एकच वाक्य, "मंगे, मना घरा ने."
घर म्हणजे गावचं, करंजाचं. पनवेलचा दादाचा फ्लॅट नव्हे.

५ फेब्रु.
डॉक्टरांनी दादाला आणि मला केबिनमध्ये बसवलं. फुप्फुसं संपलीत. मशीनवर ठेवलं तर थोडे दिवस जास्त निघतील, इतकंच. बरे होणार नाहीत.
मी म्हटलं, मग घरी नेते. दादा म्हणाला, "आणि गाव काय म्हणेल? पोरगा पनवेलला राहतो आणि बापाला दवाखाना केला नाही?" याला कायम गाव काय म्हणेल. बाप काय म्हणतो ते गेलं उडत.
लिफ्टपाशी जुंपली. त्याने दंड धरला, मी चावले. हो, चावले, या वयात. रक्त आलं. त्याने कानाखाली दिली. गार्ड मध्ये पडला, त्यालाही एक बसली, कुणाची कोण जाणे. कान अजून वाजतोय.
कळंबोलीला घरी पोचते तोच वहिनीचा फोन. "ताई, लाज कशी वाटत नाही तुम्हाला?" नाही वाटत. ठेवला.

७ फेब्रु.
काल लिहायला जमलं नाही. आपांचा धाकटा भाऊ, काका, गावाहून चार माणसं घेऊन थेट आयसीयूच्या दारात. "माजा भाव हाय, मी नेनार." दादा दारात आडवा. काकाने कॉलर धरून त्याला दारावर आपटला. काच तडकली. पोलिसांना फोन, सिस्टर रडतायत, शेजारचे पेशंट ओरडतायत. शेवटी डॉक्टर म्हणाले, सही करा आणि न्या, इथे मारामाऱ्या नकोत.
सही मी केली. पट्ट्या मी कापल्या. दादा जिन्यात बसून रडत होता, नाकातून रक्त. तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतंय.
ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन लावून आणलं. उरण रोडला कंटेनरची ही रांग. आपा हसले, असं मला तरी वाटलं.

८ फेब्रु., करंजा
सकाळी पेज दोन घास. "सुकट नाय का?" म्हणाले. मी खूश.
दुपारी धाप वाढली. काकी म्हणाली, आता ऱ्हात नाय, भुईवर घ्या. पलंगावर जीव अडकतो, खाली सुटतो. आमच्यात तसंच. आता घरात फरशी, तिच्यावरच शेणाचा हात फिरवला. चौघांनी उचलून खाली ठेवलं. शेजारच्या बायका जमल्या, पदर डोळ्याला. काकीने तुळशीचं पान नि गंगेचं पाणी तोंडाशी नेलं.
आपांनी डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं. मग हाताच्या एका फटक्यात काकीची वाटी भिंतीवर.
"मेलो नाय मी."
मी सावरायला वाकले तर माझ्या पोटात लाथ. उरलंसुरलं सगळं बळ त्या लाथेत. "तू आनलंस मना मराया?"
आपा, तुमीच बोललात ना घरा ने.
"घरा ने बोललो. मराया ने नाय बोललो."
बायका एकेक करून निघून गेल्या.
केबिनमध्ये दादा होता, मी होते. बरे होणार नाहीत हे आपांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यासाठी आम्ही एकमेकांची डोकी फोडली आणि त्यांना विचारायचंच राहिलं. मूर्ख आम्ही. मी जास्त.

९ फेब्रु., रविवार
आपा परत पलंगावर. सकाळपासून माझं डावं मनगट धरून ठेवलंय, नखं रुतलीत. "दवाखान्यात ने. मशीन लाव."
हात बांधतील, आपा.
"बांदूदे."
काका ओसरीवर वल्हं घेऊन बसलाय. दारातून नेलंस तर तंगडी तोडीन म्हणतो, आणि तोडेल. दादाला मीच फोन केला. एक शब्द वाकडा बोलला नाही, गाडी घेऊन निघाला. मघाशी जासईपर्यंत आला होता.
तो यायच्या आत आपांना खरं सांगायला हवं. मशीन लावून बरं होणार नाही, हे. ऐकून ते पुन्हा लाथ मारतील, मारू देत. पण त्यानंतरही ने म्हणाले तर? आणि नको म्हणाले तर ते मनापासून, की मी घाबरवलं म्हणून?
तोंड उघडते आणि हवापाण्याचं काहीतरी बोलते.
बाहेर हॉर्न. काका उठला.
आपा विचारतायत, "मंगे, काय लिवतेस? डाक्तर काय बोलला ता सांग."