बाईची पिठी

आई,

काल दुपारी शेजारच्या सूनबाईंनी माझी परात मागितली. झुरळांसाठी कणीक, साखर आणि बोरिक पावडर मळून गोळ्या करायच्या होत्या आणि त्यांची परात अजून घासायला पडलेली होती. मी दिली नाही. त्या म्हणाल्या, "काकू, एवढं काय त्यात? बोरिकनं तर डोळे धुतात. बाळांनासुद्धा लावतात की." त्यांच्या कडेवर आठ महिन्यांची मुलगी होती. म्हणून हे लिहायला बसले.

त्यांना काय सांगितलं ते आधी लिहिते, म्हणजे चुकलं असेल तर तुला दिसेल. माणसांची कणीक मळायच्या भांड्यात ही मळायची नाही. एखादा पोचा आलेला वाडगा घ्या आणि तो पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका. पंख्याखाली पुडी उघडू नका, भुकटी नाकाडोळ्यांत जाते. हाताला चीर असेल तर हात घालूच नका, नसली तरी नंतर साबणानं धुवा. गोळी गोड असते, ते झुरळाला कळतं तसं रांगत्या मुलीलाही कळेल. तेव्हा तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. उरलेल्या पावडरीच्या डब्यावर नाव लिहा. पोटात गेलीच तर उलटी होते का बघत बसू नका, पुडी बरोबर घेऊन दवाखाना गाठा. आणि बाळाच्या अंगाला लावायची नाही, सोललेल्या अंगाला तर मुळीच नाही. सूनबाई हसल्या. म्हणाल्या, "काकू, तुमचा तास अजून सुटलेला नाही." खरं आहे. तीस वर्षं शाळेत रसायन शिकवलं, ते अंगावरून उतरत नाही.

मुरबाडला आपण दोन खोल्यांत राहायचो. पुढच्या खोलीत तुझं सामान, मागच्या खोलीत चूल. बाबा गेल्यावर तू मुंबईला जाऊन सुईणीचं काम शिकून आलीस आणि एका डॉक्टरांच्या हाताखाली लागलीस. गावोगाव तुला 'बाई' म्हणत. तुझ्या फळीवर एक रुंद तोंडाची काचेची बरणी होती, तिच्यात बोरिक पावडर. दर रविवारी आपण समोरासमोर बसून तिच्या पुड्या बांधायचो. अजून बोटांना आठवतं ते: चिमटीत धरली की पावडर तुपकट लागते, बोटं एकमेकांवरून निसटतात. वास काहीच नाही. फिनेल वासानं सांगतं, आयोडीन झोंबून सांगतं, ही काही सांगत नाही. डोळे आलेल्यांना उकळून गार केलेल्या पाण्यात घालून द्यायची, बाळाच्या बेंबीला, मांड्यांच्या सांध्यात. लोकांना बोरिक हा शब्द वळेना. ते म्हणत 'बाईची पिठी'. पिठी म्हणजे घरातलीच वस्तू, तांदळाच्या पिठीची बहीण. त्या नावात काय धोका आहे, ते तेव्हा तुझ्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. संध्याकाळी तलाठीभाऊ दारात उभे राहायचे, "बाई, आमच्या कॅरमचं बाळंतपण अडलंय. चिमूटभर पिठी द्या." तू द्यायचीस आणि वर ऐकवायचीस, "खेळून झाल्यावर हात धुवा, मगच भाकरीला लावा. तुमचं बाळंतपण मला जमायचं नाही."

तू निष्काळजी नव्हतीस, हे मला नीट लिहून ठेवायचं आहे. मी दहा वर्षांची असताना पुड्या बांधून झाल्यावर उरलेली पावडर एका डब्यात भरून चुलीशेजारच्या फळीवर ठेवली. तिथेच तवकिलीचा डबा होता. मी आजारी पडले की तू त्यातून तवकील काढून दुधात शिजवायचीस. तशीच पांढरी, तशीच मऊ. तू आलीस, दोन्ही डबे उघडून पाहिलेस आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. मग दोन्ही डबे मागच्या दारी रिकामे केलेस, तवकीलसुद्धा. "ज्याला वास नाही ते वेगळ्या फळीवर," म्हणालीस. "पोटात जाता कामा नये. अंगाला लागलं तर लागू दे, कातडी म्हणजे बंद दार." पहिली दोन वाक्यं बरोबर होती. तिसरं तुला शिकवणाऱ्यांनीच चूक शिकवलं होतं.

पुढे आपण शहापूरला आलो आणि मी मुंबईला कॉलेजात गेले. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत तुझ्याबरोबर किन्हवलीला आले होते. वीस दिवसांची मुलगी, पहिलटकरणीची. मांड्या ओलीनं पार सोलवटून निघालेल्या, हात लावला की किंचाळत होती. बाळंतिणीच्या छातीत दूध गाठलं होतं, तू तिकडे बसलीस आणि मला म्हणालीस, "तू पिठी लाव. चिमूटभर, दिवसातनं दोनदा, असं सांग त्यांना." मी लावली. मूल गप्प झालं. त्याची आजी, म्हणजे बाळंतिणीची सासू, पदर तोंडाला लावून म्हणाली, "बाय, तुज्या लेकीच्या हाताला गुन हाय गो." मला ते फार आवडलं. मी एक पुडी तिच्या हातात ठेवली, दुसरी ठेवली आणि म्हणाले, "कितीही लावा. यानं नुकसान होत नाही." तू आतल्या बाजूला होतीस, तुला ऐकू गेलं नाही.

पंधरा दिवसांनी तुझं पत्र आलं. किन्हवलीचं बाळ गेलं. आधी उलट्या, हिरवे जुलाब, मग सगळं अंग उकडलेल्या खेकड्यासारखं लाल, मग तळहाताची साल निघायला लागली, शेवटी आचके. गोवर म्हणावा तर पुरळ तसं नाही, असं तू लिहिलं होतंस. तुझी टिपणं कुठल्याही डॉक्टरापेक्षा नेटकी असत. म्हणूनच चार महिन्यांनी कॉलेजच्या ग्रंथालयात विषांवरचं एक जाड पुस्तक चाळताना मी थांबले. त्यात तेच शब्द त्याच क्रमानं होते: उलट्या, जुलाब, लाल अंग, साल, आचके. वर मथळा बोरिकचा. सोललेल्या कातडीतून ते रक्तात उतरतं, मूत्रपिंडं ते सावकाश बाहेर टाकतात, तान्ह्या मुलाला ते झेपत नाही, रोज थोडं थोडं साठत जातं. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि पुढच्या तासाला गेले. दुसरं काय करणार होते?

मे महिन्यात घरी आले तेव्हा उंबरमाळीकडच्या पाड्यावरची एक बाई ओट्यावर बसली होती आणि तू तिला पुडी देत होतीस. मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाले, "देऊ नकोस. विष आहे ते." त्या बाईनं हात असा मागे घेतला, जसा विस्तवावरून घ्यावा. "इख? बाय, आमी तं पोरास्नी लावतो ना ता?" तू तिला गूळपाणी दिलंस, खोबरेल तेल दिलंस, वाटेला लावलंस. मग दार लोटून मला म्हणालीस, "आता सांग. हळू सांग." मी सांगितलं. तू तीन प्रश्न विचारलेस. किती दिवसांत उतरतं? हळूहळू. रोज चिमूटभर लावली तरी साठेल? सोललेल्या अंगावर, हो. मग तू बरणीचं झाकण घट्ट लावलंस आणि विचारलंस, "किन्हवलीत चिमूटभर सांगितली होतीस ना?" मी म्हणाले, "नाही. कितीही लावा, म्हणाले." तू मला धपाटा घातला नाहीस. "हात धू आणि जेवायला बस," एवढंच.

दुसऱ्या दिवशी तू डॉक्टरांकडे गेलीस, मी बरोबर होते. ते हसले. "पोरीनं पुस्तक वाचलं म्हणून बरणी फेकणार? उद्या पाण्यालाही विष म्हणेल ती." तू म्हणालीस, "पाण्याच्या पुड्या मी वाटलेल्या नाहीत." आणि परत येताना रस्त्यातच ठरवलंस, सगळ्या पुड्या परत आणायच्या. मी विरोध केला. बाकी घरं ठीक, पण किन्हवलीला जाऊ नकोस, म्हणाले. सांगून बाळ परत येणार आहे का? लोक तुला पुन्हा बाळंतपणाला बोलावणार नाहीत, मग आपण खायचं काय? तू म्हणालीस, "त्या घरात पुडी उरलेली असेल. पुढचं मूल होईल, त्यालाही लावतील." मी एक कोरी वही पिशवीत घातली.

आठ दिवस आपण हिंडलो. खर्डीला उतरून चालत पाड्यांवर, मग तानसाच्या बाजूला, मग मोटारीनं मुरबाडकडे. मी वही धरायची, तू मागायचीस. लोक सहजासहजी देत नव्हते. "येवडी गुनाची पिठी नि आता परत मागतंस? दुसरीला द्यायची आसल," असं एकीनं तोंडावर ऐकवलं. एकानं ती बैलाच्या सोललेल्या खांद्याला भरली होती. मुरबाडला एका म्हातारीनं पुडी तांदळाच्या पिठाच्या मडक्यातच खोचून ठेवली होती, मी ओरडले तर म्हणाली, "पिठीच ना गो ती? मं पिठात नाय ठेवायची तं कुटं?" तू ते सगळं पीठ तिला टाकायला लावलंस आणि आपल्या घरचं पाठवून दिलंस.

किन्हवली शेवटी ठेवली होती. बाळाच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. ती अंगणात उभी होती, सासू ओट्यावर डाळ पाखडत होती. तू बसली नाहीस. उभ्यानंच सांगितलंस की ते बाळ गोवरानं गेलं नाही, बाहेरच्या कशानं गेलं नाही, पिठीनं गेलं. सासूच्या हातातलं सूप थांबलं. "आता सांगतंस गो बाय? आमी हिला बोल लावला. हिचं दूध वंगाळ, म्हनून पोर गेली, आसं सहा म्हैने म्हनतो आमी. आता ता कुटं ठेवू?" सुनेनं सासूकडे पाहिलंच नाही. तुला विचारलं, "माजं दूध वंगाळ नवतं?" तू म्हणालीस, "तुझं दूध चांगलं होतं. पिठी माझी, सांगणं माझं." मी तुझ्या शेजारी वही धरून उभी होते. बी.एस्सी.च्या वर्गात पहिली येणारी मुलगी. तोंड उघडलं नाही. सून आत गेली आणि पुडी घेऊन आली.

परत आणलेली सगळी पावडर आणि बरणीतली, आपण विहिरीपासून लांब, वाटेपलीकडे खड्डा खणून पुरली. पुढच्या पावसाळ्यात तिथे गवत उगवलं नाही, असं तूच कळवलंस. त्या पावसाळ्यात तुला दोनच बोलावणी आली, तेही तूच कळवलंस, बाकी काही न लिहिता. किन्हवलीच्या त्या सुनेनं तुला बोलावलं का, हे मी कधी विचारलं नाही.

चिमूटभर सांगितलं असतं तर मूल वाचलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. सोललेल्या अंगावर चिमूटही नकोच होती. पण 'कितीही' हा शब्द माझा होता. तीस वर्षं दर वर्षी बोरिकचा धडा आला की मी वर्गाला ही हकिकत सांगितली. त्या हकिकतीत मी म्हणायचे, "एका सुईणीनं सांगितलं, कितीही लावा." काल शेवटी सूनबाईंनाही ही हकिकत सांगितली, तेव्हाही तेच वाक्य तोंडातून गेलं. तुझं नाव घेतलं नाही, म्हणून तुला झाकलं असं मला वाटत असे. झाकलं होतं मला. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तू गेल्यापासून टाकायला जागाही नाही. पण ती वही माझ्याजवळ आहे आणि तिच्यात एक नोंद चूक आहे. माझ्याच अक्षरात आहे. तेवढी दुरुस्त करून खाली उतरवते.

खर्डी, स्टेशनाजवळ. दोन पुड्या, न उघडलेल्या. घरच्या सुनेनं दिल्या, बाईंनी घेतल्या.

उंबरमाळीचा पाडा. तीन घरं मिळून चार पुड्या, एक ओली. बायांनी दिल्या, बाईंनी घेतल्या.

तानसाच्या बाजूला. एक पुडी, बैलासाठी उघडलेली. घरधन्यानं दिली, बाईंनी घेतली.

मुरबाड. पिठात ठेवलेली एक, कॅरमचा डबा एक. म्हातारीनं आणि तलाठीभाऊंनी दिलं, बाईंनी घेतलं.

किन्हवली. दोन पुड्या दिल्या होत्या, अर्धी परत आली. बाळाच्या आईनं दिली. 'बाईंनी घेतली' असं लिहिलेलं आहे, ते खोडलं. तिनं ती माझ्या हातात दिली. मी घेतली.