सूचना उत्तम आहेत

मिलान,
१४ सप्टेंबर २०२५, रविवार

तीर्थरूप नानांस,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही, म्हणून पलंगावर बसूनच हात जोडते. महिन्याला एक मराठी पत्र, हा आपला करार मी मोडला. मागचं पत्र जाऊन दीड महिना होत आला. नेहमीसारखं कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. तुम्हीही नेहमीसारखे लाल पेन घेऊन बसा. शाळा हिंदी, घर मराठी, नोकरी इंग्रजी आणि भाजीवाला इटालियन. वेलांट्या तरी कुठवर सांभाळू?

तब्येत ठीक आहे. पाय तेवढे कामातून गेलेत. मार्केटिंगची इंटर्न म्हणजे खुर्चीवर बसून डोकं चालवायचं, अशी माझी समजूत होती. पण हे लोक म्हणतात, ज्यानं गिऱ्हाईक पाहिलं नाही त्यानं जाहिरात लिहू नये. म्हणून आठवड्यातले चार दिवस काळे बूट चढवून यांच्या पर्सच्या दुकानात उभं राहायचं. बसलेलं दिसायचं नाही, टेकलेलं दिसायचं नाही. संध्याकाळी खोलीवर आले की पाय भिंतीला लावून पडते. भात लावायचासुद्धा कंटाळा येतो. सच्ची सांगते, नाना, इतकी थकान मला कधी आली नव्हती, आणि ती सगळी पायांची नाही.

उद्या अविधवा नवमी. आईचं पान तुम्ही मांडाल. अल्पनाआत्या धारहून येणार आहे ना? खीर तिलाच करू द्या, तुमची नेहमी खाली लागते.

तुम्ही प्रत्येक फोनवर विचारता, एवढ्या महागड्या दुकानात शिकलीस तरी काय? सांगते. आत आलेल्याला "काय हवं?" असं विचारायचं नाही, आधी पाणी द्यायचं. कपाट गच्च भरायचं नाही. चार वस्तू मांडायच्या, बाकीचा माल आत. किंमत आपण होऊन सांगायची नाही, आणि विचारली तर सांगताना लाजायचं नाही. पर्स तयार असली तरी काही जणींना सहा सहा महिने थांबवायचं, कारण थांबलेल्या बाईला ती जास्त आवडते म्हणे. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद: मुलीचं लग्न कधी, कुत्र्याचं नाव काय, मागच्या वेळी कुठला रंग नको म्हणाली. वर्षातून एकदा हातानं लिहिलेलं कार्ड जातं. ती कार्डं मी लिहिते. माझं अक्षर इथं सगळ्यांना फार आवडतं, ऐकताय ना?

पहिल्या आठवड्यात मला हसूच येत होतं. कन्नौदच्या सीताबाई आपल्या दुकानात साड्यांना आल्या की मारुतीकाका गादीवरची चादर झटकायचे, तुम्ही आधी माठातलं पाणी पुढे करायचात आणि मग म्हणायचात, "धाकटीला मागच्या खेपेला जांभळी दिली होती, आता ती नको." वही नाही, कॉम्प्युटर नाही, सगळं डोक्यात. मी हे आमच्या बाईंना, म्हणजे इथल्या साहेबांना, सांगितलं. त्या म्हणाल्या, हे लिहून काढ, इंटर्नशिपच्या शेवटी सगळ्यांसमोर बोलायचं आहे तेव्हा हेच बोल.

इथपर्यंत लिहून दोनदा उठले आणि दोनदा चहा केला. आता लिहितेच.

श्रावण लागला तेव्हा तुमचं पत्र आलं. "या महिन्यात दुकान वाढवलं. मारुती बरा आहे. तू तिथलं नीट कर." मी वाचलं आणि उडीच मारली. मला वाटलं, शेजारचा बंद गाळा घेतलात! माझ्या इतक्या दिवसांच्या बडबडीचं सार्थक झालं. बसले आणि आठ पानं लिहिली. नव्या भागात आरसा कुठे, पिवळा दिवा कुठे, महेश्वरी या भिंतीला, पैठणी त्या भिंतीला, पाटी बदला, मारुतीकाकांना बंद गळ्याचा कोट शिवा. कोट! तुमचं उत्तर आलं: "सूचना उत्तम आहेत. जपून ठेवल्या आहेत."

गेल्या रविवारी आत्याच्या धीरजचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "तो मोबाईलवाला काय चकाचक काचा लावून राहिलाय यार, कृति!" मी म्हटलं, कुठे? "अगं, नानामामांच्या दुकानात." मी म्हटलं, काहीतरीच काय, नानांनी तर दुकान वाढवलंय. त्यानं मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "वाढवलं म्हणजे बंद केलं, कृति. आई पण असंच बोलते. 'बंद' म्हणणं अशुभ असतं ना."

मला कसं कळणार हो? बांगडी फुटली की वाढवली म्हणतात, एवढं आईकडून ऐकलेलं. दुकानात तर सगळा कारभार हिंदीत, "मारुती भिया, शटर गिराओ."

पण तुम्हाला कळलं होतं ना, नाना? आठ पानं वाचल्यावर? माझी एक वेलांटी चुकली तर लाल गोल करून परत पाठवणारे तुम्ही! ही एवढी मोठी चूक तशीच कशी ठेवलीत? चाळीस वर्षांची गादी उचलून झाली होती, आणि तुम्ही घरात बसून माझे आरसे नि दिवे वाचलेत. मला लाज वाटते आणि तुमचा रागही येतो. धीरज म्हणाला, तुम्ही सगळ्यांना बजावलं होतं, "तिला सांगू नका, सगळं टाकून धावत येईल."

धावत येईल! याच दोन शब्दांपाशी मी आठ दिवस अडले आहे.

कारण तीन तारखेला मी इथं सगळ्यांसमोर बोलले. तुमचा गादीवरचा फोटो भिंतभर लावला आणि ठसक्यात सांगितलं की देवासचं हे दुकान याच रीतीनं चाललं आणि आता वाढलं आहे. टाळ्या पडल्या. बाईंनी आत बोलावून दोन वर्षांची नोकरी पुढे केली आणि मी तिथल्या तिथे सही केली. दिवाळीला परत येऊन तुमच्या शेजारी बसेन, असं कबूल करून मी घरातून निघाले होते. तरी सही करायला मला एक मिनिट लागलं नाही. दुकान जोरात आहे, नाना दोन वर्षं थांबतील, अशी मनाची समजूत घातली.

आणि आता जे लिहायचं टाळत होते ते. धीरजनं सांगितल्यावर मी खूप रडले, पण ते नंतर. आधी मला हलकं वाटलं. दुकानच नाही, म्हणजे परत जायला नको, म्हणजे माझं वचन मोडलं नाही. तुमची जागा गेली आणि तुमच्या मुलीला सुटल्यासारखं वाटलं. नाना, मला त्या गादीवर कधीच बसायचं नव्हतं. दहावीपासून नव्हतं. तुम्ही इतक्या कौतुकानं साडीची घडी घालायला शिकवायचात की मला तोंड उघडवलं नाही.

हे तुम्ही ओळखलं होतं का? ओळखूनच आवरतं घेतलंत का? धीरजला विचारलं, तर म्हणतो, "मामा काही बोलतच नाहीत यार."

सही मी मोडणार नाही. हेही लिहून टाकते, नाहीतर पुन्हा एक गोड पत्र व्हायचं. दिवाळीला दहा दिवसांची रजा मिळाली आहे, येते.

तोवर फोन करू नका. फोनवर तुम्ही लगेच "काही हरकत नाही, बेटा" म्हणाल, आणि मी पुन्हा सुटेन. मला आता असं फुकट सुटायचं नाही. कागद घ्या आणि माझ्यावर रागवा. जन्मात कधी रागावला नाहीत तेवढं सगळं एकदाचं लिहा. मी एकेक शब्द वाचेन.

खाली "आपली आज्ञाधारक" लिहायची रीत तुम्हीच शिकवली आहे. आज ते हातून लिहवत नाही.

नुसतीच तुमची,
कृतिका