रोमची बैठक आणि खेमाची सही

मी, मिराबाई प्रेमदास आडे, वय अंदाजे त्र्याहत्तर, राहणार पुसेगावजवळचा तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली. गुडघे गेले, पण डोकं बराबर आहे. कुणी धमकावलेलं नाही, कुणी फितवलेलं नाही. स्वखुशीने लिहून ठेवते की,

१. घर आणि मागची हळदीची जमीन मुलगा विकास यास. माझी चांदी सून संगिता हिला. भांडण करू नये. केलंच तर आवाज घराबाहेर जाऊ देऊ नये.

२. पुढच्या खोलीतलं काचेचं मोठं चित्र. हे माझ्या मालकांनी हिंगोलीच्या भंगारवाल्याकडून आणलं. मोठमोठे खांब, पांढरी वस्त्रं पांघरलेली माणसं, आणि मधला एक जण हात उंचावून बोलून राहिलेला. मालक म्हणाले, "मिरा, ही कुठल्या तरी तांड्याच्या नायकाची बैठक हाय बघ." तेव्हापासून घरात येणारा जो तो आधी त्या मधल्याला रामराम करी, मगच बसे. दीर खेमा तेव्हा लेकरू होता. सासूबाई गेल्यावर त्याला मीच वाढवलं. माझ्या मांडीवर बसून तो चित्रातल्या माणसांना तांड्यातली नावं देई, एकेकाला भाकरी दाखवी. काय दिवस होते ते!

मी सरपंच झाले, तेव्हा माणसं याच चित्राखाली जमत. माझ्यावरचा अविश्वास ठरावही इथंच शिजला, माझाच चहा पिऊन. ठरावाला खेमानं हात वर केला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तो या घराची पायरी चढत नाही.

त्याची पोरगी निलम मात्र येते. कॉलेजात गेल्यावर तिनं चित्राखालचं इंग्रजी वाचलं आणि म्हणाली, "मोठ्याई, ही जुन्या रोममधली माणसं हायत. आपल्याच पुढाऱ्याला मारायचा बेत करून राहिलीत. मधला तर त्यांचा म्होरक्या!" मी हसून हसून रडले. इतकी वर्षं आमी सगळे त्यालाच रामराम घालत होतो!

सदर चित्र निलमला द्यावे. काचेला ओला फडका लावू नये.

३. खेमास काहीही दिलेलं नाही. वकील म्हणतात, दोघांनी साक्ष घातल्याशिवाय हा कागद पक्का होत नाही. शेजारचे नरसिंग तयार आहेत. दुसरी जागा खेमाची. दुसरा कुणी घ्या म्हणून वकिलांनी मला हट्टी ठरवलं. व्हय, आहे मी हट्टी.

खेमा, तुझ्या पोरीचं चित्र तुझ्या सहीवाचून अडलंय. जो हात ठरावाला वर केलास, त्याच हातानं सही कर. चहा मीच करीन. माझ्या मागून येऊन काय उपयोग? मी आहे तोवर ये रे.

लिहून देणार : मिराबाई प्रेमदास आडे
साक्षीदार : नरसिंग थावरा राठोड
साक्षीदार :
ठिकाण : माझ्या घरी, चित्राखाली
दिनांक : खेमा येईल तो