राजकन्येची माफी

प्रिय चिमणे,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, उगाच कागद खराब होतो.

तुझ्या गळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. सहा महिने तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. भेटायला आले नाही, येणारही नाही. निदान आता मी बोलेन आणि तू ऐकशील, एवढं तरी जमलं.

पंधरा वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती आणि कार्टूनमधल्या त्या राजकन्येच्या दुसऱ्या सिनेमाचं डबिंग सुरू व्हायचं होतं. पहिल्यात तिचा आवाज माझा होता. मी तुला निरोप घेऊन पाठवलं, ‘सांग त्यांना, ताई तीन दिवसांनी येते.’ एवढंच काम होतं. लहानपणापासून तू माझी हुबेहूब नक्कल करायचीस, फोनवर बाबासुद्धा फसायचे आणि आपण पोट धरून हसायचो. तू गेलीस आणि माइकसमोर बसलीस. ‘ताईनं हे काम सोडलंय’ असं तू सांगितल्याचं दिग्दर्शकाकडून कळायला मला चार वर्षं लागली. तोवर मी समजत होते, त्यांनीच मला काढलं.

मुलाखतीत तू म्हणालीस, हा आवाज मला आरशासमोर बसून सापडला. आरसा कशाला हवा होता गं? मी शेजारच्याच खोलीत होते.

आईनं तो सिनेमा घरी पाहिला. संपल्यावर माझा हात धरून म्हणाली, ‘या वेळी तुझा आवाज जास्त गोड लागला हं.’ मी ‘हो’ म्हटलं. त्यानंतर ती महिनाभरच जगली. तो ‘हो’ अजून माझ्या घशात आहे, आणि त्यावर ऑपरेशन नाही.

गेल्या महिन्यात दिग्दर्शकाचा फोन आला. तिसऱ्या सिनेमासाठी ‘अगदी धाकटीसारखा’ आवाज हवा होता. मी इतकी हसले की त्याला वाटलं फोन बिघडला. माझ्याच आवाजाची नक्कल करायला मलाच बोलावणं! तरी गेले. तीच बिनखिडकीची खोली, तीच काच, तीच कुरकुरणारी खुर्ची, म्हणून उभ्यानंच बोलले. राजकन्या अजून सोळाचीच आहे, माझे गुडघे मात्र बावन्नचे. पण तिचे ओठ हलले आणि माझा श्वास आपोआप जुळला. चार दिवसांत सगळं उरकलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, ‘ताई, इतकी वर्षं कुठे होतात?’

अडलं ते शेवटच्या प्रसंगात. राजकन्येची धाकटी बहीण कपटानं घेतलेला मुकुट परत आणते, दारात उभी राहते. राजकन्येनं तिला एवढंच म्हणायचं असतं, ‘जा, केलं माफ.’ तीन शब्द. मी एकोणीस वेळा म्हटले. हळू म्हटले, हसून म्हटले, डोळे मिटून म्हटले. रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून मान हलवली, ‘ताई, राग ऐकू येतोय.’ शेवटी त्यानं राजकन्येचा दुसरा सिनेमा, तुझा, धुंडाळला. तिथे राजकन्या एका पहारेकऱ्याला हेच म्हणते. तुझ्या आवाजात. तो तुकडा त्यानं इथे बसवला. आपल्या दोघींतला फरक कुणाला कळणार?

म्हणून हे पत्र. शुक्रवारी सिनेमा लागतोय. तू लेकीला घेऊन जाशीलच. ते वाक्य आलं की तुला वाटेल, ताई विरघळली. रडशील, आणि बोलता येत नाही म्हणून थेट माझ्या दारात येऊन उभी राहशील. मी ओळखते तुला. येऊ नकोस. बाकीचा सगळा सिनेमा माझा आहे. तेवढे तीन शब्द तुझे तूच म्हटलेले आहेत.

तुझीच, पण तुझ्यासारखी नव्हे,
ताई